प्लेट निळी होईना!

"परत माझ्याच टेबलावर मीठ सांडलंय! प्रयोग करतात की खिचडी, देव जाणे," शेजारच्या टेबलावरची नायरी टेगनच्या कानाशी पुटपुटली.

टेगनला आज मिठाची पर्वा नव्हती. होबार्टच्या त्या प्रयोगशाळेत तिने सकाळीच जाहीर केलं होतं, "आज माझी प्लेट अशी निळी होणार, की गॉगल लावून बघायला या!"

काम तसं सोपं. रोग्यांच्या रक्तपेशींतलं प्रथिन प्लेटच्या खळग्यांत बसवायचं, त्याला पकडणारी अँटीबॉडी वर सोडायची. तिच्या शेपटीला एन्झाइम बांधलेलं, बिनरंगी 'रंगा'ला निळं करणारं. मग धुवायचं आणि रंग घालायचा. प्रथिन असेल तिथे निळं! टेगनच्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण त्या निळ्यावर टांगलेलं, आणि नमुना उरलेला जेमतेम दोन प्लेटांपुरता.

तिने रंग घातला. प्लेट नळाच्या पाण्यासारखी! हमखास निळा व्हायचा तो तपासणीचा खळगासुद्धा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा ढिम्म.

"रंग जुना असेल," नायरी म्हणाली.

"आजच फोडलाय!"

"मग थंडी..."

"नायरी, धुण्याचं पाणी कुणी केलं?"

नायरी छत न्याहाळू लागली.

तेवढ्यात प्रयोगशाळेचा प्रमुख कॉलिन मीटिंग चुकवून आत शिरला. "कसं होतं माझं मिठाचं पाणी? बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर अझाइडही घातलंय! आमच्या वेळी घालायचोच!"

अझाइड! ते बुरशीचा गळा दाबतं आणि एन्झाइमचाही, तितक्याच मायेने.

इथे ज्याची प्लेट फसेल त्याने शुक्रवारच्या चहाला केक आणायचा, असा रिवाज होता. हल्ली दर शुक्रवारी टेगनच केक भाजत होती. कधी कॉलिनने फ्रीज उघडा ठेवलेला, कधी रंग उन्हात. शिवाय मोठा तुकडा त्याचाच! सगळे त्याला अरे-तुरे करायचे. पण चूक त्याची आहे, एवढं काही कुणाच्या तोंडून निघत नव्हतं.

"बिनरंगी?" प्लेट बघून कॉलिन हळहळला. "बिचारी! थांब, दुसरी प्लेट अख्खी मीच लावून देतो!" आणि त्याने बर्फातली शेवटची नळी उचलली.

टेगनचा जीव त्या नळीत. तिचा आवाज निघाला तो उंदराचा.

"कॉलिन, ती नळी खाली ठेव, बाबा. आणि या शुक्रवारचा केक... तू आणायचास!"