दही लागतंय का?

गजभिये काका दारात आले की आधी "जय भीम" म्हणायचे आणि बूट काढता काढताच विचारायचे, "काय जी, दही लागतंय का?" उत्तराची वाट न बघता ते थेट रेडिएटरपाशी जायचे आणि त्यावर तळवा ठेवायचे. आधी खाली, मग वर. चेहरा नाडी बघणाऱ्या वैद्याचा. आमची विचारपूस त्यानंतर.

नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत, नेपरव्हिलला स्टेशनजवळ एक जुनं घर भाड्याने घेतलं होतं. खोल्या उबदार ठेवायला भिंतीलगत लोखंडी रेडिएटर होते, त्यांतून गरम पाणी फिरायचं. निदान घरमालक तरी तसं म्हणायचा. माझी बायको सुनंदा विरजण लावलेलं भांडं रेडिएटरवर ठेवायची आणि सकाळी भांड्यात दूधच असायचं. एका समारंभात तिने ही तक्रार केली, ती शेजारच्या खुर्चीवरच्या गजभिये काकांनी ऐकली आणि पुढच्या रविवारी हे निवृत्त नागपूरकर इंजिनियर न बोलावता दारात उभे!

"खालून गरम, वरून गार. याच्या पोटात हवा धरली आहे," त्यांनी निदान केलं. खिशातून एक बुटकी पितळी किल्ली निघाली. "प्लंबरला बोलवायचं नाही. तो येऊन हेच करते. सुनंदाताई, एक कप द्या बरं."

त्यांनी हीटिंग बंद करायला लावलं आणि थोड्या वेळाने रेडिएटरच्या टोकाशी असलेल्या बारक्या झडपेत किल्ली घालून किंचित फिरवली. फुस्स्स!

"बोलू नका. ऐका."

आम्ही दोघं जमिनीवर बसून रेडिएटरचा वारा ऐकत राहिलो. गंमत म्हणजे मला ते आवडलं. मग फुरफुरत कपात काळं पाणी आलं, धार सरळ झाली आणि काकांनी किल्ली फिरवून झडप बंद केली. कप लग्नातल्या आहेराचा होता. तो पुन्हा चहाला वापरला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दही असं लागलं की सुरीने कापावं.

मग काका दर रविवारी येऊ लागले. एकेक खोली घ्यायची, चहा प्यायचा, पोहे खायचे, आणि मला शिकवायचं. "पाहुण्यानं कितीदा यावं? शिकून घ्या." एकदा मी किल्ली जास्त फिरवली आणि भिंत भिजवली. "अरे, नळ आहे का तो?" शेवटी एका रविवारी मी सगळं न चुकता केलं. "पास!" काका ओरडले. मग हसत म्हणाले, "आता माझं काय काम इथं?" आणि कानटोपी विसरून निघून गेले.

पुढचे रविवार ते फिरकलेच नाहीत. घर उबदार होतं, दही घट्ट होतं, पण चैन पडेना. मी कानटोपी घेऊन त्यांच्याकडे गेलो.

त्यांचं अपार्टमेंट नवंकोरं होतं. जमिनीतल्या जाळीतून गरम हवा येत होती. टेबलावर दुकानातल्या दह्याचा डबा होता. रेडिएटर कुठेच नव्हता.

"काय शोधता जी?" काका म्हणाले. "ते जुन्या घरात होते. माझी बायको मंदा त्यावर दही लावायची. ती गेली, मग मी घर विकलं. किल्ली खिशातच राहिली." त्यांनी जाळीकडे पाहिलं. "यावर हात ठेवून काय कळते?"

मी कानटोपी त्यांच्या हातात दिली. मग म्हटलं, "काका, आमचं दही लागत नाहीये हो."

माझं वाक्य संपायच्या आत त्यांनी कोट चढवला होता.

घरी पोचताच त्यांनी सुनंदाला विचारलं, "दही बिघडलं म्हणे?" तिने माझ्याकडे पाहिलं. मग रेडिएटरवरचं घट्ट दह्याचं भांडं पदराआड उचलून ती म्हणाली, "हो ना काका, नुसतं दूध!"

काका गुडघ्यांवर बसले. रेडिएटर खालपासून वरपर्यंत सारखा तापलेला होता. त्यांनी तळवा खाली ठेवला, मग वर ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

"आहे," ते हळूच म्हणाले. "हवा आहे थोडी. वेळ लागेल याला. चहा टाका."