सगळे फोटो सारखेच

रविवारी सकाळी चहा पितानाच अप्पांना कळलं, की फोटो गेले.

"कॉम्प्युटर रडतखडत चालत होता, म्हणून साफ केला," मुलगा म्हणाला. "आईने एकाच ठिपक्याचे शेकडो फोटो काढलेले. सगळे सारखेच. त्यातला चांगला एक ठेवलाय."

अप्पांचा कप हातातच राहिला. तो ठिपका म्हणजे धूमकेतू. त्याचा गाभा बटाट्यासारखा वेडावाकडा. स्वतःभोवती फिरताना रुंद बाजू समोर आली की ठिपका उजळतो, निमुळती आली की मंदावतो. तो एका फेरीला किती वेळ घेतो, हे सगळ्या फोटोंतला उजेड मोजूनच निघणार होतं. अप्पांच्या बायकोने हे काम हौसेने हाती घेतलं होतं. काम अर्ध्यावर असताना ती गेली.

"अहो, आईंचं काम होतं ते!" सून नवऱ्यावर कडाडली. "आपल्या लग्नाचेही फोटो पुसा आता. सगळ्यांत तोंडं तीच आहेत!"

"भांडू नका," अप्पा म्हणाले. "धूमकेतू अजून दिसतोय. पुन्हा काढू."

अप्पांना दुर्बिणीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की सगळं घर गच्चीवर. दुर्बीण वर चढवायचं काम अर्थातच मुलाकडे. ठिपक्याचा उजेड कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. बायकोची मैत्रीण खगोल मंडळात होती. तिने बजावलं होतं, "शेजारचे तीन-चार तारे मापाला घ्या."

अप्पांनी एकच घेतला. "घरात माप एकच असावं. चार झाली की कटकटी."

धूमकेतू दिसेनासा झाला तोवर अप्पांचा आलेख तयार होता. उजेड ठरल्या वेळी चढत होता, ठरल्या वेळी उतरत होता.

"सव्वापाच तास!" अप्पांनी मैत्रिणीला बोलावून घेतलं.

तिने आलेख बराच वेळ पाहिला. "काम अगदी नेटकं झालंय, अप्पा. पण हा चढउतार धूमकेतूचा नाही."

"मग कुणाचा?"

"तुमच्या मापाच्या ताऱ्याचा. त्याचाच उजेड कमी-जास्त होतो."

"म्हणजे वजनच खोटं निघालं," मुलगा म्हणाला. "मग हे फोटो पुसू का?"

"हात तर लावून बघा!" सून म्हणाली.

अप्पांनी चष्मा पुसला. "याच फोटोंत दुसरे तारे आहेत ना?"

"आहेत की."

"झालं तर मग." अप्पांनी पहिला फोटो उघडला.

मोजणी अजून चालू आहे. धूमकेतूचा गाभा किती वेळात फिरतो, ते अजून काढायचं राहिलं आहे.