मापं ढगात गेली त्याची हकिकत

एखादा धंदा मागासलेला राहण्याचे मुख्य कारण म्हणजे तो नीट चाललेला असतो. वारंगा फाट्यावरच्या मोहियोद्दीन टेलर्सचे दुखणे नेमके हेच होते. सव्वीस वर्षांत दुकानात एकाही गिऱ्हाइकाचे माप हरवले नव्हते. अशा दुकानाला सुधारणे किती अवघड असते, याची कल्पना सुधारणाऱ्यांनाच येईल.

मापांची दोन रजिस्टरे होती. पुरुषांचे मोहियोद्दीन स्वतः लिही. बायकांचे त्याची बायको फातिमाबी लिही आणि पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवी. प्रत्येक पानावर शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. त्यात खरी शिलाई होती. 'दरवर्षी बारीक होणार म्हणते, ऐकू नये.' 'कंबर सांगतात ती लग्नाच्या वेळची.' आणि एका पानावर, 'पुंजाजीची रागिणी. डावा खांदा पाऊण इंच खाली. आतून पॅड द्यावे. कोणाला बोलू नये.' ते पॅड रागिणी सातवीत असल्यापासून फातिमाबी मुकाट्याने शिवत आली होती. रागिणीच्या सख्ख्या मावशीलाही ही गोष्ट ठाऊक नव्हती.

अशा मागास अवस्थेत शिवहार दुकानात आला. हा नांदेडला दोन महिन्यांचा कोर्स करून आलेला डिजिटल सल्लागार. त्याने रजिस्टराला असलेले धोके समजावून सांगितले: पाणी, आग, वाळवी आणि उंदीर. क्लाऊडला असलेले धोके त्याने वेळेअभावी सांगितले नाहीत.

"क्लाऊड म्हणजे हाय कुठं?" मोहियोद्दीनने विचारले.

"सगळीकडं हाय, चाचा."

"सगळीकडं म्हणजे कुठं?"

शिवहारने थोडा विचार केला. "सिंगापूरच्या बाजूला."

पडद्याआडून फातिमाबी म्हणाली, "रजिस्टर माझ्या पेटीत हाय. पेटीची चावी माझ्या कमरेला हाय. तुमच्या क्लाऊडची चावी कोणाच्या कमरेला राहील?"

हा प्रश्न तांत्रिक नसल्यामुळे त्याचे उत्तर देण्यात आले नाही. शिवाय शिवहारने दुकानासाठी नव्या पाटीचा नमुना आणला होता: 'जिल्ह्यातील पहिले क्लाऊड टेलर'. मोहियोद्दीनने तो नमुना हातात धरून तीनदा वाचला आणि तिथेच निर्णय झाला.

आठवडाभरात सर्व मापे वर गेली. शेऱ्यांचा रकाना गाळावा, असे कोणाला सुचले नाही. माहिती जितकी जास्त तितकी ती मौल्यवान असते, असे शिवहारला कोर्समध्ये शिकवले होते. सुरक्षिततेसाठी पासवर्ड ठेवण्यात आला. त्यात लहान अक्षर, मोठे अक्षर, आकडा आणि एक चिन्ह असणे सक्तीचे होते. असा पासवर्ड चोराला सापडू नये म्हणून अवघड असतो, आणि मालकाला विसर पडू नये म्हणून भिंतीवर खडूने लिहिलेला असतो.

पुढचा प्रश्न वेगाचा होता. दुकानाला पत्र्याचे छप्पर, त्यामुळे आत नेटवर्क नाही. ते मागच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी मिळे. पूर्वी माप पाहायला वीस सेकंद लागत (रजिस्टर उघडणे, बोट ठेवणे). आता मोहियोद्दीन वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिडीने वर चढे, मोबाइल आभाळाकडे धरी, गोल चक्र फिरायचे थांबेपर्यंत उभा राही आणि मग वरूनच ओरडून माप सांगे. सरासरी अकरा मिनिटे. वारा असल्यास चौदा, कारण "बत्तीस की छत्तीस?" असे परत विचारावे लागे.

बायकांची मापे अशी हायवेवर जाहीर होऊ लागल्यावर बायकांनी हरकत घेतली. फातिमाबीने मग सांकेतिक भाषा काढली. तीसला टमाटे, बत्तीसला वांगे, अशी चढत्या क्रमाने भाजी ठरली. ही सुरक्षा चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी समोरच्या हॉटेलातून आवाज आला, "आज लई पत्ताकोबी निघाली, चाचा."

शिवहारला बोलावण्यात आले. त्याने अभ्यास करून निदान केले की पासवर्डमुळे वेळ जाऊन राहिलाय. त्याने पासवर्ड काढून टाकला. आता ज्याच्याकडे लिंक असेल त्याला सगळे एका बोटात उघडणार होते. लिंक सर्वांकडे असावी म्हणून त्याने ती दुकानाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला लावली.

वेगात अभूतपूर्व सुधारणा झाली. पहिल्या दिवशी एक हजार एकशे चाळीस लोकांनी मापे उघडली. दुकानाची एकूण गिऱ्हाइके सहाशे. मोहियोद्दीन बायकोला म्हणाला, "बघ, धंदा वाढून राहिला." त्या दिवशी शिवायला एक पायजमा आला.

तिसऱ्या दिवशी तक्रारी आल्या. एकंदर त्र्याऐंशी. त्यांपैकी एकोणऐंशी जणांचे म्हणणे होते की आमचे माप लोकांना दिसले. उरलेल्या चौघांचे म्हणणे होते की ते चुकीचे दिसले. मात्र त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी जणांना बाकी ब्याऐंशींची मापे तोंडपाठ होती. साखळी उपोषणाला बसलेल्या एका पुढाऱ्याची कंबर त्या काळात दोन इंच वाढल्याचे तारीखवार सिद्ध झाले. घराघरातली वाढती कंबर उघड करणे आरोग्य खात्याला वर्षानुवर्षे जमले नाही, ते दुकानाने तीन दिवसांत करून दाखवले.

चौथ्या दिवशी सकाळी पुंजाजी आला. तो ओरडला नाही. बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "मोहियोद्दीनभाई, पोरीचं लगीन मोडून राहिलंय. बाळापूरवाले दुपारी येतेत. म्हणतेत, खांद्याचं काहून सांगितलं न्हाई."

मोहियोद्दीनने हातातली कात्री खाली ठेवली. इतके दिवस तो हसण्यावारी नेत होता. आता त्याला पुंजाजीकडे बघवेना. फातिमाबीने बुरखा चढवला. "चला," ती म्हणाली. "लिहिलं मी. तोंड मीच दाखवीन."

दुपारी पुंजाजीच्या ओसरीवर नवऱ्या मुलाचा बाप हरिचंद ताठ बसला होता. शेजारी मान खाली घातलेला नवरा मुलगा. "आमाला अंधारात ठेवलं," हरिचंद म्हणाला. "माणसानं जे हाय ते सांगावं."

फातिमाबी म्हणाली, "लपवलं ते मी, भाऊ. लेकराला कोणी हसू नये म्हणून. तिची काही चूक न्हाई."

तेवढ्यात रागिणी मोबाइल घेऊन बाहेर आली. "काका, माझा खांदा पाऊण इंच खाली हाय. खरं हाय ते. मी पण वाचलं जरा." आणि तिने शांतपणे वाचले, "हरिचंद, बाळापूर. पोट आत ओढून माप देतात. दोन इंच वाढवून कापावे. मुलगा. छाती भरीव दिसण्यासाठी शेरवानीत कापसाचे दोन थर. कोणाला बोलू नये."

हा शेरा मोहियोद्दीनने स्वतः लिहिलेला होता. फातिमाबीबरोबर आलेला तो आता तिच्या मागे सरकला.

"माझं पाऊण इंच, तुमचे दोन थर," रागिणी म्हणाली. "माझं तर मी आजपासून झाकत न्हाई. तुमचं तुमी ठरवा."

मग नवरा मुलगा आधी हसला. हरिचंदने त्याच्याकडे पाहिले, रागिणीकडे पाहिले, आणि आल्यापासून आत ओढून धरलेले पोट हळूच सोडले. शर्टाचे एक बटन ताणले.

"चहा ठेवा मग," तो म्हणाला.

लग्न ठरल्या दिवशी लागले. रागिणीच्या ब्लाऊजला पॅड नव्हते. फातिमाबीने ब्लाऊज खांद्याच्या खऱ्या मापाने कापला आणि शिवताना दोनदा डोळे पुसले. मांडवात कोण कुठे किती आहे हे सर्वांना आधीच माहीत असल्यामुळे कोणी कोणाकडे निरखून पाहिले नाही, आणि सगळ्यांचे लक्ष जेवणावर राहिले.

इकडे शिवहारने सुरक्षेत कडक सुधारणा केली. लिंक बंद झाली. आता ज्याला मापे पाहायची असतील त्याने आपले नाव आणि मोबाइल नंबर टाकून रीतसर परवानगी मागायची. पहिल्याच आठवड्यात चारशे बारा अर्ज आले. त्यांत शिक्षक, पुढारी, दोन वकील आणि तक्रार केलेले त्र्याऐंशीही होते.

"ही अर्जांची यादी कुठं ठेवली?" मोहियोद्दीनने विचारले.

"क्लाऊडवरच, चाचा. उघडी ठेवली. लवकर उघडती."

ती यादी आपल्यालाही वाचायला मिळेल काय, अशी विचारणा वाचकांकडून होणे साहजिक आहे. जरूर मिळेल. नाव आणि मोबाइल नंबर तेवढा टाकावा.