पुंजारामची मित्रबुरशी

पुंजारामने आयुष्यात फवारणीच्या पंपात एकटं औषध कधी टाकलं नव्हतं. त्यामुळे राजेश्वरी मॅडमनी अळी मारणाऱ्या बुरशीचं पाकीट त्याच्या हातात देऊन, "भाऊ, हिच्यात दुसरं काही मिसळू नका, ही जिवंत आहे," असं बजावलं, तेव्हा त्याने मान डोलावली ती केवळ मॅडमचा मान राखायला.

मॅडम कुठल्याशा प्रकल्पाच्या होत्या. मक्यावरच्या लष्करी अळीसाठी त्यांनी शेवगावजवळच्या या गावात दोन शेजारी निवडले, पुंजाराम आणि बांधापलीकडचे गनीभाई. दोघांचे दहा-दहा गुंठे. बुरशी अळीच्या अंगात शिरते, आतून पोखरते आणि अळी पांढरीफटक होऊन पानावरच वाळते. ज्याच्या रानात पांढऱ्या अळ्या जास्त, त्याच्या बांधावर 'प्रयोगशील शेतकरी' अशी पाटी लागणार होती, फोटोसकट. पुंजारामने आधी फोटोसाठी दाढी करून घेतली, मग पंप भरायला घेतला.

बुरशी पाण्यात गेली. मागोमाग मूठभर गूळ गेला. मग कोपऱ्यात कांद्याच्या करप्यावरचं बुरशीनाशक उरलेलं दिसलं, तेही गेलं.

"अवो, ते बुरशी मारायचं औषध हाय ना?" बायको कडूबाई म्हणाली.

"मंग? ह्ये बी मारायचं, त्ये बी मारायचं. दोघं मिळून जोरात मारत्याल."

दोघांपैकी एकाने दुसऱ्याला पंपातच मारलं. अळ्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. आठ दिवसांत त्या अशा गुबगुबीत झाल्या की मक्याच्या पोंग्यात, कोवळ्या पानांच्या सुरळीत, मावेनात.

गनीभाईंनी मात्र संध्याकाळी साध्या पाण्यात नुसती बुरशी फवारली. जास्तीचं डोकं चालवायला त्यांना सवडच नव्हती, घोडेगावच्या बाजारात शेळ्या न्यायच्या होत्या. त्यांच्या रानात पानापानावर पांढऱ्या अळ्या चिकटल्या.

मॅडम दुपारी येणार त्या दिवशी सकाळी पुंजारामच्या तोंडचं पाणी पळालं. पाटीचं त्याने साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं, शिवाय मेहुण्यालाही मुद्दाम बोलावलं होतं. गनीभाई पहाटेच बाजाराला गेलेले.

"त्यांच्या मेलेल्या आळ्या वेचून आनू आन् आपल्या मक्यात ठिवू," तो म्हणाला.

"लाज न्हाई वाटत? शेजाऱ्याच्या रानात चोरी?"

"मेलेल्या हायेत गं. जित्या आनल्या असत्या तर चोरी."

कडूबाई धुसफुसत निघाली. पण कापूस वेचण्यात आख्ख्या गावात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा ओटी बांधली की मागे काही ठेवणं तिच्या हाताला जमायचंच नाही. दोन तासांत गनीभाईंचा मका तिने असा निवडला की औषधालाही अळी उरली नाही.

दुपारी मॅडम पुंजारामच्या मक्यात शिरल्या आणि हरखून गेल्या. जिवंत अळ्याही दिसत होत्या, पण मॅडम म्हणाल्या, "या मरतील हळूहळू." मग त्या बांध ओलांडून नुकत्याच परतलेल्या गनीभाईंकडे गेल्या.

"गनीभाई, तुमच्याकडे एकसुद्धा मेलेली अळी नाही."

"मॅडम, काल लई हुत्या हो!"

"मग गेल्या कुठे? मेलेली अळी चालत जाते का?"

अळीच नाही म्हटल्यावर प्रयोग कसला, असं म्हणून मॅडमनी 'अयशस्वी' असा शेरा मारला. पाटी पुंजारामच्या बांधावर लागली. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या.

पुढे घडलं ते पुंजारामच्या लायकीबाहेरचं होतं. वेचून आणलेल्या मेलेल्या अळ्यांवरची बुरशी पोंग्यातल्या जिवंत अळ्यांना लागली. हवा ढगाळ होती, बुरशीला तेच हवं होतं. आठ-दहा दिवसांत पुंजारामचं रान खरोखरच पांढऱ्या अळ्यांनी भरलं आणि मका वाचला.

"गनीभाईंच्या आळ्यांनी तारलं तुमाला," कडूबाई कडाडली. "त्यो मानूस घास गोड लागंना म्हनून बसलाय घरी. जावा, खरं सांगा त्यास्नी!"

पुंजारामलाही आतून लागलं. वीस वर्षांचा शेजार होता. चप्पल घालून तो निघाला, मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत गनीभाईंच्या अंगणात पोचला. गनीभाई खाटेवर मान खाली घालून बसले होते. त्याला पाहताच उठून उभे राहिले.

"बस, बस. तुज्याकडंच निगालो हुतो. माजं काय चुकलं रे, पुंजाराम? मी अडानी, नुसतं पानी आन् बुरशी फवारली. तू पंपात काय काय टाकलं हुतं?"

वीस वर्षांत गनीभाईंनी त्याला शेतीतलं कधी काही विचारलं नव्हतं. पुंजाराम माफीची वाक्यं विसरला आणि त्याने खाटेवर ऐसपैस मांडी घातली.

"सांगतो," तो म्हणाला. "लिहून घ्या."