हौसाक्कांची घरची वीज

सरकारी विजेचा दिवा दिसला की हौसाक्का त्याच्याकडं पाठ करून बसत. माझ्या घरी आल्या तरी पहिला हुकूम हाच, "मास्तर, तेवढं बटण बंद करा. परक्याच्या उजेडात मला बोलायला सुधरत न्हाय."

भांडणाचं मूळ साधं होतं. आमच्या गल्लीत खांब आले, तेव्हा हौसाक्का मीटरसाठी अर्ज घेऊन कचेरीत गेल्या. कारकून म्हणाला, "मालकांची सही आणा." मालक म्हणजे हौसाक्कांचा नवरा, बाळू शिंपी. तो शिलाई मशीन मागं टाकून दोन वर्षांपूर्वी कुठंतरी निघून गेला होता. घरात हौसाक्का आणि आंधळी सासू, दोघीच. हौसाक्कांनी अर्ज तिथल्या तिथं फाडला. "ऱ्हाऊ दे तुमची वीज तुमच्यापाशी. माझी मी करीन."

आणि बाई खरंच करायला बसल्या! उद्यमनगरातल्या कारखान्यात त्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना तार भरायचं काम करत. त्यामुळं हात तयार होता. भंगारातून लोहचुंबक आणले, तांब्याच्या तारेचं वेटोळं करून त्यांना खेटून ठेवलं, सायकलच्या दिव्याचा बल्ब जोडला. बल्ब ढिम्म. मग शाळेत विज्ञान शिकवणारा म्हणून मला बोलावणं आलं.

"चुंबकीय क्षेत्रात बदल झाल्याशिवाय..." मी सुरुवात केली.

"मास्तर, मराठीत सांगा की."

"चुंबक फिरता पाहिजे, अक्का. वेटोळ्यापुढं तो फिरत राहिला तरच तारेत वीज येते. थांबला की संपलं."

"म्हंजी बसून खाणाऱ्याचं हितं काम न्हाय. मग जमतंय मला!"

त्यांनी नवऱ्याच्या मशीनचा वरचा, शिवायचा भाग काढला, खालचं पायडल आणि मोठं चाक तेवढं ठेवलं आणि चाकाच्या पट्ट्यावर चुंबक फिरता केला. पाय मारले आणि बल्ब पिवळाधमक पेटला! बघायला गल्ली लोटली.

त्यातल्याच कुणीतरी कागाळी केली, बाई खांबावरची वीज चोरते म्हणून. तपासणीला साहेब आले. कौलं, भिंती, मोरी, सगळं धुंडाळलं. बाहेरून आलेली तार कुठंच नव्हती.

"पावणं, दमलासा. बसा हितं," हौसाक्कांनी स्टूल सरकवलं. "आता मारा पायडल."

साहेबांनी पाय मारले, बल्ब लागला. थांबले, विझला. पुन्हा मारले. पाच मिनिटांत सदरा भिजला.

"कुणाची चोरली, सांगा की! आता तर तुमचीच हाय!"

गल्ली हसली. साहेबही हसले आणि बॅगेतून कोरा अर्ज काढून म्हणाले, "अक्का, तुमचीच सही करा. पुढचं मी बघतो."

"आता नगं."

मला हा निव्वळ आडमुठेपणा वाटला. समजूत घालावी म्हणून दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गेलो. म्हातारी सासू ताटावर बसली होती. हौसाक्का पायडल मारत होत्या. बल्ब मात्र काढून कोनाड्यात ठेवलेला. हे काय, म्हणून विचारणार, तोच म्हातारीनं त्या खडखडाटाकडं तोंड फिरवलं.

"बाळू, हातातलं तेवढं झालं की जेवून घे रं," ती म्हणाली आणि घास घेतला.

हौसाक्कांनी बोटानं मला गप्प केलं. "आवाज थांबला की सासूबाई अर्ध्या ताटावर हात धुत्यात," त्या अगदी हळू म्हणाल्या.

मी अर्जाचा विषय काढला नाही. थोड्या वेळानं म्हातारीनं अर्धी भाकरी मागितली. हौसाक्कांचे पाय थांबणार नव्हते, म्हणून ती मी वाढली.