किमची कोण लागते

बाबरांच्या लोखंडी कढईने किमचीच्या भातासाठी तापायला नकार दिला आणि आधी नातं सांगा म्हणाली, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

समोरच्या दारातल्या हौसाताई निकम त्या वेळी बाबरांच्याच स्वयंपाकघरात होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. पण जिन्यात चार दिवसांपासून आंबूस वास येत होता, आणि तो कुठल्या घरातला, कशाचा, किती दिवस राहणार, हे कळल्याशिवाय हौसाताईंच्या घशाखाली चहा उतरत नसे. वास बरणीतल्या कोबीचा निघाला. बाबरांची सून प्रणिता हिने कोबी मिठात चोळून, धुऊन, निथळून त्याला आलं-लसूण, कांद्याची पात, तांदळाच्या पिठाची पेज आणि कुरिअरने आलेलं लालभडक तिखट लावून ठेवलं होतं. कोरियात याला किमची म्हणतात, असं ती म्हणाली.

"म्हणजे लोणचंच की गं," हौसाताई म्हणाल्या.

"काकू, हळू," प्रणिताने कढईकडे बोट दाखवलं. "ती लिहून घेते."

कढयांचं हे असं असतंच. हौसाताईंना त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. पोहे, पिठलं, भरली वांगी यांची नोंद कढई माहेराहून येतानाच घेऊन येते. नव्या पदार्थाचं मात्र घराशी नातं सांगावं लागतं आणि एक साक्षीदार द्यावा लागतो. दोन वर्षांपूर्वी याच ओट्यापाशी हौसाताईंनी पास्त्यासाठी साक्ष दिली होती. शेवयांचा चुलतभाऊ, असं त्या सहज बोलून गेल्या. पास्ता शिजला, आणि त्या दिवसापासून त्याचा मानपान सुरू झाला. शेवयांची खीर करायची तर आधी त्याला सांगायचं. गेल्या मे महिन्यात गच्चीवर शेवया वाळत घातल्या आणि त्याला विचारलं नाही, म्हणून तो तीन दिवस कितीही उकळला तरी टणकच राहिला. तेव्हापासून हौसाताई नात्याच्या बाबतीत जपून बोलायचं ठरवत, आणि मग बोलून जात.

"मग दुसऱ्या भांड्यात कर. कढईचे एवढे नखरे कशाला?"

"नॉनस्टिक तव्याला विचारलं. तो म्हणतो, मला अधिकार नाहीत, मोठ्या बाईंकडे जा."

"माझ्या घरची कढई आणते."

त्या तरातरा गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. त्यांची कढई म्हणाली होती की हे समोरच्या दाराचं प्रकरण आहे आणि आपण दुसऱ्याच्या हद्दीत ढवळाढवळ करत नाही. "माझ्याकडे राहून हे कुठे शिकली, देव जाणे," हौसाताई म्हणाल्या.

एरवी प्रणिताने नाद सोडून सरळ मुगाची खिचडी टाकली असती. पण आतल्या खोलीत तिचे सासरे अण्णा पडून होते. टायफॉइड उतरून तीन आठवडे झाले तरी त्यांच्या तोंडाला चव आली नव्हती. खिचडी दिली, पेज दिली, ताकातली भाकरी दिली. दोन घास खाऊन ते म्हणत, "माती लागते," आणि ताट सरकवत. वजन सत्तेचाळीसवर आलं होतं. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात भरती करून सलाइन लावू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि काल संध्याकाळी त्यांनी बरणीतली किमची बोटाने चाटून पाहिली आणि म्हणाले, "याला चव आहे." डॉक्टर फोनवर म्हणाले, द्या थोडी, पण कच्ची नको, भाताबरोबर परतून मऊ करून द्या.

म्हणून ओट्यावर कालचा भात मोकळा करून ठेवला होता, चिरलेली किमची होती, तिळाचं तेल होतं, वर घालायला एक अंडं होतं. गॅसही पेटला होता. कढई थंड होती.

"सासूबाईंना फोन कर. त्यांची कढई आहे."

सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या होत्या. त्या फोनवर म्हणाल्या, "अगं, ती माझ्या सासूचंही ऐकायची नाही. मला साबुदाणा वडे घालायला दीड वर्ष लागलं." मागे बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला.

हौसाताईंनी पदर खोचला. "लिही गं बाई," त्या कढईला म्हणाल्या. "किमची ही लोणच्याची मावशी."

कढईने लोणच्याचं म्हणणं मागवलं. कैरीच्या लोणच्याने झाकण जरासं वर केलं आणि म्हणालं, "आमच्यात वरपर्यंत तेल असतं. हिच्यात थेंब नाही. ओळख नाही." आणि झाकण लावून घेतलं.

"कोशिंबिरीची आते."

"कोशिंबीर माझ्यात कधी आलेली नाही," कढई म्हणाली. "तिची नोंद माझ्याकडे नाही. पुढचं सांगा."

"मग नातं नको, सोयरीक धर. भाताला दिली असं समज. दोघं एकत्रच शिजणार आहेत की!"

"कालचा भात फोडणीला दिलेला आहे," कढई म्हणाली. "ठरलेलं मोडता येत नाही."

"अगं, आत माणूस उपाशी पडलाय आणि तू स्थळं काय मोडत बसलीस!"

"आवाज वाढवल्याने तापत नाही मी. साक्षीदार कोण?"

"मी. हौसाबाई निकम."

"या घराच्या आपण कोण लागता?"

हौसाताईंनी प्रणिताकडे पाहिलं. प्रणिता अंडं हातात धरून उभी होती. "मी शेजारीण आहे," हौसाताई म्हणाल्या. "समोरच राहते. चौदा वर्षं झाली."

"शेजारीण हे नातं धरत नाहीत."

"धरत नाहीत म्हणजे? ही मला काकू म्हणते. अण्णा वहिनी म्हणतात!"

"म्हणतात," कढई शांतपणे म्हणाली. "लागत नाही. म्हणणं वेगळं आणि लागणं वेगळं. साक्ष बाद. पास्त्याचं प्रकरणही पुन्हा काढावं लागेल. आणि कामकाज चालू असताना परक्या माणसाने ओट्यापाशी थांबू नये."

या घराच्या किल्ल्या हौसाताईंच्या खुंटीला असत. विरजण संपलं की वाटी त्यांच्याकडे येई. अण्णांना ताप भरला त्या दुपारी रिक्षा त्यांनीच थांबवली होती. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा बडोद्याला. दिवसातून चार वेळा त्या या ओट्यापाशी येत, आणि आपण इथं कोण, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी खोचलेला पदर सोडला. "बरं," त्या म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या.

दारात अण्णा उभे होते. भिंत धरत धरत आले होते, बंडी अंगावर लोंबत होती. तापाने त्यांचा उजवा कान गेला होता, त्यामुळे ते मान वाकडी करून डावा कान पुढे करत.

"काय चाललंय? भात होणार आहे की मी जाऊन झोपू?"

"कुटुंबप्रमुख आले का," कढई म्हणाली. "बरं झालं. अर्जातली किमची आपली कोण लागते?"

"कशी लागते?" अण्णा म्हणाले. "चांगली लागते."

प्रणिता "अण्णा, कशी नाही, कोण..." म्हणायला गेली, पण हौसाताईंनी तिचा दंड दाबला.

"चांगली," कढईने लिहून घेतलं. "अजून काही?"

"आधी आंबट लागते. मग कानशिलापर्यंत तिखट लागते. आणि गिळली की पुन्हा हवीशी लागते. एकवीस दिवसांत मला या घरात दुसरं काहीच लागलेलं नाही. आता पुरे की अजून सांगू?"

"पुरे," कढई म्हणाली. "एवढं जवळचं असेल तर आधीच सांगायचं." तिने तेही लिहून घेतलं. "साक्षीदार राहिला. या बाई आपल्या कोण लागतात?"

अण्णांनी कान आणखी पुढे केला. "कोण, या वहिनी? कधी लागतात म्हणतेस?"

कढईने लिहायची तयारी केली.

"रोज लागतात," अण्णा म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

"रोज," कढईने लिहिलं, आणि तिच्या बुडातून धूर निघाला.

"अगं, तेल सोड, तेल!" हौसाताई ओरडल्या, आणि पुढची दहा मिनिटं कुणाला बोलायला सवड झाली नाही. लसूण चुरचुरला, किमची परतली, तिच्यावर भात पडला, भातावर अंडं शिजलं. त्या वासाला हौसाताईंना दोनदा शिंक आली. अण्णांनी ओट्यापाशीच स्टूल ओढून बशीभर भात खाल्ला, मग अंडं मोडून उरलेला खाल्ला, आणि म्हणाले, "तळाला लागलंय का थोडं? खरवड द्या." अर्धी खरवड त्यांनी हौसाताईंच्या तळहातावर ठेवली. हौसाताई म्हणाल्या, जरा मीठ जास्त आहे, आणि सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता प्रणिताने त्यांचं दार वाजवलं.

"काकू, चला. पोह्यांसाठी तापत नाहीये."

"पोह्यांसाठी? पोहे तर तिच्या माहेरचे!"

"पोह्यांचं काही नाही. रोजच्या बाई कुठे आहेत, विचारतेय. हजेरी लागल्याशिवाय तेल घेणार नाही म्हणते."

"अगं, माझी अंघोळ नाही, चहा नाही, गॅसवर दूध आहे! आता काय रोज सात वाजता?"

"रविवारी साडेसात," प्रणिता म्हणाली. "मी विचारून घेतलंय."

हौसाताईंनी दूध बंद केलं. त्यांच्या स्वतःच्या कढईने, खुंटीवरूनच, समोरून नोंद आली आहे, जावं, असं सांगितलं. "तुला कुणी विचारलं?" त्या तिला म्हणाल्या, पायात चपला सरकवल्या आणि अण्णांना पोह्यांवर थोडी किमची घालायची की नाही, याचा विचार करत समोर गेल्या.