साक्षीचा थेंब

श्रीरक्षिणीचे चरणीं मस्तक ठेवून, डोळां देखिलें तितकेंच लिहिलें असे. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरीं, माघ वद्य तृतीयेस राणी कृष्णाऊ यांचे चित्तांत धास्ती बसली. कारण कीं, मातोश्री छातींत गांठ होऊन अडतिसावे वर्षीं कैलासवासी जाहल्या, आणि राणीसाहेबांस सदतिसावें लागलें, आणि मांडीवर नऊ मासांची कन्या. मग त्र्यंबकभट वैद्य यांस पाचारण केलें. त्यांनीं कुप्यांत तांबडें पाणी आणिलें आणि अर्ज केला कीं, "हे सोन्याचे जासूद. केसाचे जाडींत पांच हजार शेजारीं शेजारीं उभे राहतील. गनीम गांठ बांधण्याआधीं रक्तांत खूण टाकून जातो. ती दिसली कीं जासूद तिजभोंवतीं गोळा होतात आणि पाणी निळें होतें. परंतु जोडीस निरोगी माणसाचा साक्षीचा थेंब पाहिजे. तो तांबडा राहिला तरच निवाडा खरा." तेव्हां नणंद सगुणाक्का, ज्यांस उभ्या जन्मीं पडसें ठाऊक नाहीं, बोट पुढें करून बोलिल्या, "घ्या भटजी. माझ्या रक्तांत खूण मिळालीच तर पुरणपोळीची. वहिनी, तुम्ही मेलं उगाच तोंड पाडून बसतां."

मग दोन कुप्यांत दोन थेंब पडले. राणीसाहेबांची कुपी तांबडी ती तांबडीच. आणि साक्षीची कुपी, कोणीं हालविली नसतां, बुडापासून निळी होत वर आली. राणीसाहेबांस आनंद जाहला आणि तो त्यांनीं पदराआड धरिला. वैद्य म्हणाले, "साक्षच फिरली. निवाडा रद्द. दुसरें निरोगी बोट द्यावें." तेव्हां दासी, कारभारीण, मामीसाहेब, सर्वांनीं हात पदराखालीं घेतले. सगुणाक्का आपलें बोट पाहत बोलिल्या, "मला तर कांहीं दुखत नाहीं हो." मग वैद्यांची नजर कन्येचे मुठीकडे गेली. राणीसाहेबांनीं ती मूठ झांकिली आणि आज्ञा केली, "तिची नव्हे. आक्कांचा थेंब पुन्हा घ्या, आणि साक्षीस माझा धरा." वैद्य म्हणाले, "पुन्हा घेतल्यावर आपला तांबडाच राहील ऐसें नाहीं." राणीसाहेब बोलिल्या, "घ्या." आणि आक्कांचा हात आपले हातीं धरिला. एक कुपी तांबडी राहिली, एक निळी जाहली.

सारांश, गनीम गांठ बांधण्याआधींच सांपडला आणि सगुणाक्कांवर इलाज सुरू जाहला. तेव्हांपासून त्या राज्यांत साक्षीस राणीसाहेबांवांचून कोणी बोट देत नाहीं. आणि दर खेपेस राणीसाहेब आपले कन्येस दुसरे दालनीं ठेवून येतात.